दोघंच जाऊन खोल समुद्रात ट्रोलिंग: इंधन, गळ आणि कामाची वाटणी

निळीरेघ:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र किनाऱ्यापासून साधारण २५ सागरी मैल आत जाऊन एक दिवसाचं ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासेमारी, करायचं म्हणतोय. बोट २२ फुटी, फायबरची. मागे ११५ अश्वशक्तीचं एकच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, टाकी १८० लिटरची. किनाऱ्याजवळ गळ टाकायची सवय दोघांनाही आहे, पण खोल पाण्यात दोघंच असे प्रथमच जाणार. बोट मी चालवतो, मित्राला फारशी जमत नाही. डोळ्यासमोर टूना आणि माहीमाही हे मासे, नशिबात असेल तर वाहू. टाकी पुरेल का? एका वेळी किती गळ सोडावेत, आणि मासा लागला की कुणी काय करायचं?

तांबडंफुटताना:
मित्राला बोट चालवता येत नाही, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा मुद्दा. इंधन आणि गळ त्यानंतर. एक जण पाण्यात पडला किंवा आजारी होऊन आडवा झाला की बोटीवर एकच माणूस उरतो, त्यामुळे प्रत्येक काम दोघांपैकी कुणालाही एकट्याने करता आलं पाहिजे. जायच्या आधी एक अख्खी सकाळ किनाऱ्याजवळ सुकाणू मित्राच्याच हातात द्या. इंजिन, गिअर, जीपीएसवरचा परतीचा मार्ग आणि रेडिओ एवढं त्याला न विचारता यायला हवं. मग एक फेंडर (बोटीच्या कडेला धक्का बसू नये म्हणून लावतात तो फुगा) पाण्यात फेका आणि तो एकट्याने परत आणायला लावा: जीपीएसवरचं एमओबी बटण (माणूस पडल्याची जागा नोंदवणारं) दाबायचं, लाइफबॉय फेकायचा, फेंडरवरची नजर हलू न देता वळायचं, वाऱ्याकडे तोंड करून सावकाश जवळ यायचं, फेंडर चालकाच्या बाजूला ठेवायचा आणि हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद करायचं. नुसत्या न्यूट्रलवर विसंबू नका, धक्क्याने गिअर पडू शकतो. पाण्यातल्या माणसाला स्वतः ओढून खाली घेता येईल अशी शिडी बोटीला हवीच. भिजलेला ८० किलोचा माणूस एकट्याने काठावरून वर ओढता येत नाही.

किल कॉर्ड, म्हणजे चालकाच्या अंगाला अडकवलेली इंजिन बंद करणारी दोरी, तिच्याबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात. चालक पडला की कॉर्ड त्याच्यासोबत जाते आणि इंजिन थांबतं, ते ठीकच. पण क्लिप जागेवर नसेल तर वर राहिलेल्याला इंजिन पुन्हा चालू करता येत नाही. दुसरी कॉर्ड सुकाणूजवळ बांधून ठेवा, आणि ती कुठे आहे हे मित्राला ठाऊक असू द्या.

आता इंधन. तुमच्या इंजिनाला २० नॉटच्या (तासाला २० सागरी मैल) वेगात तासाला साधारण २५ लिटर धरा. जाताना सव्वा तास, म्हणजे ३१ लिटर. ट्रोलिंगला तासाला ७ ते ८ लिटर. पाच तासांचे ३८. परतताना दुपारचा वारा समोरून असेल तर वेग १४ नॉटवर येतो, बोट धड पाण्यावर उचलली जात नाही आणि खर्च वाढतो, ४५ धरा. बेरीज ११४. एक तृतीयांश इंधन राखीव हवं, म्हणजे निघताना १७१ लिटर पाहिजे. टाकी १८० ची असली तरी तळातलं १० टक्के उपसलं जाईल असं मानू नका, म्हणून हाताशी १६२ च. पाच तास बसत नाहीत. ट्रोलिंग चार तासांवर आणा, मग गणित जेमतेम जुळतं. मी तर पहिल्या खेपेला अंतरही २० मैलांवर आणेन.

इंजिन बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंधनातलं पाणी आणि गाळ. शांत पाण्यात तो टाकीच्या तळाशी बसून असतो. लाटांत टाकी घुसळली की वर येतो आणि फिल्टर तुंबतो, म्हणजे नेमका किनारा लांब असताना. आरपीएम आपोआप वरखाली व्हायला लागले तर आधी वॉटर सेपरेटर (इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) बघा. सुटा १० मायक्रॉनचा फिल्टर, त्याचा पाना, आणि तो काढण्याचा एकदा तरी सराव.

गळपेटी:
इंधनाचं सगळं पटलं. गळांचं सांगतो.

दोघंच असताना तीन रॉड, चौथा नको. बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटा मोजा: एक ल्युअर (गळाचं नकली आमिष) तिसऱ्या लाटेच्या पुढच्या उतारावर, दुसरा विरुद्ध बाजूला चौथ्यावर, तिसरा मधोमध ४० ते ४५ मीटर मागे. वेग ६ ते ८ नॉट. ल्युअरने पृष्ठभाग फोडून हवा घ्यावी आणि बुडबुड्यांची रेघ सोडत खाली जावं. नुसताच उड्या मारत असेल तर वेग कमी करा किंवा दोरी जरा लांबवा. वळताना मोठा वळसा घ्या, तीव्र वळणावर तिन्ही दोऱ्यांची वेणी होते.

५० पाउंडी दोरी साधारण २२ किलोला तुटते. ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीळ दोरी सोडेल तो ब्रेक, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे ७ किलोच्या आसपास, आणि तो ताणकाट्याने मोजून लावा. हाताच्या अंदाजाला अर्थ नाही. मासा लांब पळाला की बरेच जण ड्रॅग आवळतात आणि दोरी तुटते. स्पूलवरची (रिळावरची) दोरी संपत गेली की गुंडाळीचा व्यास घटतो. तो निम्मा झाला तर त्याच सेटिंगला ताण दुप्पट होतो, शिवाय पाण्यातल्या लांब दोरीचं ओढणं वेगळं. अशा वेळी ड्रॅग सैल करायचा.

लीडर (गळाआधीचा जाड दोरीचा तुकडा) १०० पाउंडी मोनो किंवा फ्लुओरोकार्बन, दीड ते दोन मीटर. वाहू आणि सुरमईचे दात तो कात्रीसारखा कापतात, म्हणून एका रॉडला गळाजवळ ३० ते ४० सेंटिमीटर तार लावा. तिन्हींना लावू नका. तार दिसली की टूना बिचकतो.

मासा लागल्याबरोबर बोट थांबवू नका. पाच-दहा सेकंद त्याच वेगाने पुढे जाऊ द्या, थवा असेल तर दुसरा रॉडही वाजतो. मग वेग उतरवा, पण गिअर पुढेच ठेवा, म्हणजे दोरी सैल पडत नाही. लागलेला रॉड होल्डरमध्येच राहू द्या. सुकाणूवरचा सुकाणूवर, दुसऱ्याने आधी उरलेल्या दोन दोऱ्या गुंडाळायच्या आणि मगच रॉड हातात घ्यायचा. मासा मागच्या कोपऱ्यावर तिरका ठेवा, मधोमध मागे आला तर दोरी पंख्यात जाते. स्पूल निम्म्याखाली आलं की चालकाने बोट माशाच्या दिशेला वळवून दोरी परत मिळवून द्यायची.

गॅफच्या (मासा वर घ्यायच्या आकड्याच्या) वेळी चालक न्यूट्रल करून मागे येतो. लीडर हाताला गुंडाळायचा तर जाड हातमोजा, आणि वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत. तळहात उघडला की सुटले पाहिजेत. गॅफ लीडरच्या मागून, माशाच्या खांद्यात. लीडरच्या पुढून मारलात तर दोरी अडकून तुटते. लागल्यावर न थांबता एका झटक्यात थेट बर्फाच्या पेटीत. पेटीचं झाकण आधीच उघडं ठेवा.

निळीरेघ:
खूप आभार. चार तास आणि २० मैल, पक्कं. दोन गोष्टी राहिल्या. मित्राला बोट लागते, म्हणजे लाटांत मळमळतं. आणि अंदाजात लाट दीड मीटर दाखवली तर जावं की नाही?

तांबडंफुटताना:
नुसत्या उंचीवरून ठरवू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. दीड मीटरची लाट १० सेकंदांची असेल तर बोट तिच्यावर आरामात चढते-उतरते. तीच ५ सेकंदांची असेल तर उभी असते आणि २२ फुटी बोट आपटत जाते. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला की लाट आणखी तोकडी आणि उभी होते. अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते. पहिल्या खेपेला एक मीटरच्या वर जाऊ नका, आणि दुपारी वारा वाढणार असेल तर परतीची वेळ आधीच ठरवून टाका.

ओहोटीची_वेळ:
बोट लागण्यावर गोळी चक्कर सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात टिकत नाही. मेक्लिझिन निघायच्या किमान तासभर आधी; स्कोपोलामिनचा पॅच कानामागे किमान चार तास आधी. दोन्हींनी गुंगी येऊ शकते, म्हणून आधी घरी एकदा घेऊन बघायला सांगा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बोटीवर त्याला मधल्या-मागच्या भागात बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. खाली वाकून गाठी बांधण्याचं काम त्याला देऊ नका, सगळे लीडर आदल्या रात्रीच बांधून ठेवा.

रेडिओबद्दल कुणी बोललं नाही. ठरावीक जागी बसवलेला व्हीएचएफ आणि एक हातातला, दोन्ही हवेत. संकटाला चॅनल १६. मेडे तीनदा, बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालंय, किती माणसं: हा क्रम कागदावर लिहून लॅमिनेट करून रेडिओशेजारी चिकटवा, म्हणजे मित्र घाबरला तरी वाचून बोलेल. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात आपली जागा कळवणारा छोटा ट्रान्समीटर) नोंदणी करून अंगावर बाळगा. तो पेटीत ठेवला तर पाण्यात पडलेल्याच्या काही कामाचा नाही. किनाऱ्यावर एकाला मार्ग, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर तटरक्षकांना फोन करायचा, हे लिहून द्या.

गळपेटी:
माशाचंही सांगून टाकतो, कारण चांगला टूना बोटीवरच खराब होतो. झुंजताना त्याचं अंग तापतं, आणि ऊन लागलं की मांसात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याला विषबाधा होते. माहीमाही आणि वाहूलाही हेच लागू. वर घेतल्याबरोबर दोन्ही डोळ्यांच्या मध्ये जरा वर टोचून मेंदू निकामी करा. मग छातीच्या पराच्या मागे दोन-तीन बोटं सोडून दोन्ही बाजूंना साधारण दोन सेंटिमीटर खोल चीर द्या, कल्ल्यांच्या आतली पातळ त्वचाही कापा, आणि रक्त थांबेपर्यंत समुद्राचं पाणी सोडत राहा. पेटीत नुसता बर्फाचा चुरा भरू नका. दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असा काला करा. तो माशाला सगळीकडून चिकटतो आणि खारट असल्याने शून्याच्याही किंचित खाली जातो. २० किलो मासा धरला तर ४० किलो बर्फ न्या, आणि तो बोटीच्या मधोमध ठेवा. मागे एकाच बाजूला ठेवलात तर बोट कलते आणि ट्रोलिंगला सुकाणू सतत एकीकडे ओढतं.