'वाढवणे'चे आणखी अर्थ
नारळ फोडला असं न म्हणता 'नारळ वाढवला' म्हणतात, अशुभ वाटणारा शब्द टाळायला; त्यात ही माझी भर. आमची आजी फुटणं, संपणं, विझणं हे शब्द घरात उच्चारूच द्यायची नाही. बांगडी पिचली की 'वाढवली', मंगळसूत्र तुटलं की 'वाढलं', दिवा मालवायचा नाही, त्याला 'निरोप द्यायचा'. तांदळाच्या डब्याच्या तळाशी वाटी खरवडली की म्हणायची, "तांदूळ वाढले गं, आणायला सांग." रात्री सापाचं नाव नाही, 'लांबडं' म्हणायचं. मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते उंबऱ्यातलं. चपला घालता घालता "जाते" म्हटलं की ती हात धरून थांबवायची, "येते म्हण." अजूनही माझ्या तोंडून "जाते" निघत नाही.