अंगणवाडीत मदतनीस नाही. मुलांना शिकवायचे कोणी?

प्रश्न (पालक): आमच्या अंगणवाडीतील मदतनिसाचे पद गेल्या दिवाळीपासून रिक्त असून सेविकाताईंकडे शेजारच्या वाडीचाही अतिरिक्त कार्यभार आहे. चार वर्षांची माझी मुलगी खिचडी खाऊन घरी येते. गाणी-गोष्टी जवळजवळ बंदच आहेत. दाद कोणाकडे मागावी, आणि तोवर गावातील तरुणींनी शिकवले तर चालेल का?

निवृत्त मुख्यसेविका: ही भरती बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होते, तेव्हा लेखी मागणी तेथेच करावी आणि तिची पोच घ्यावी. उमेदवार स्थानिक रहिवासी व बारावी उत्तीर्ण असावी लागते. अट योग्यच आहे, परंतु लहान वाडीत बारावी झालेली मुलगी लग्न होऊन किंवा कामासाठी बाहेर पडते आणि जाहिरात निघूनही अर्ज येत नाहीत. शिवाय २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात मदतनिसाचे मानधन ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. पुढे त्यात भर पडली, तरी एवढ्यावर घर चालवणे कठीणच.

सेविका: मदतनीस नसली की झाडलोट, मुलांना घरून आणणे, आहार वाढणे आणि भांडी हे सारे माझ्याकडे येते. त्यातच वजने घेऊन ती पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर भरायची. रेंज नसेल तर मोबाइल घेऊन ओट्यावर उभे राहायचे. अंगणवाडी ज्यातून चालते त्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वशालेय शिक्षण ही एक. हजेरी, वजन, आहार यांचा हिशोब वरून रोज मागितला जातो, पण आज कोणती गोष्ट सांगितली हे सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे माणूस कमी पडले की पहिली काट गोष्टीलाच लागते.

ग्रामपंचायत सदस्य: तीन ते सहा वर्षे हा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत स्तरात धरलेला काळ आहे, आणि तो मात्र आपण मानधनावर चालवतो. सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या रकमेचा, हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य करावा लागला! तरुणींनी सेविकाताईंना विचारून आठवड्यातून दोन दिवस गाणी-गोष्टी घेण्यास माझी हरकत नाही. मात्र स्वयंपाक आणि झाडलोट त्यांनी अंगावर घेऊ नये. फुकटात काम भागते असे दिसले, तर पद भरण्याची घाई कोणालाच राहणार नाही. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा, अनुमोदन मी देतो.