मदत हवी आहे: आज्जाच्या वस्तऱ्याचा टवका उडालाय
मंडळी, आज्जाचा जुना वस्तरा, बुडाला सोलिंगेन (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं शहर) कोरलेला, परवा हातातनं निसटून बेसिनवर आपटला आणि टोकाजवळ धारेचा टवका उडाला, तांदळाच्या कणीएवढा असंल, नख फिरवलं की अडकतंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकजण ग्राइंडरवर धरून देतो म्हणाला, मी दिला नाही, पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतंय आणि मग धार टिकत नाही. माझ्याकडं धार लावायचा १००० आणि ६००० चा दगड हाय (आकडा जेवढा मोठा तेवढा दगड बारीक), चामड्याचा पट्टा पण हाय. टवका जाईपर्यंत १००० वरच घासू का आधी ४०० चा आणू? पात्याची जाड पाठ पण दगडाला टेकवूनच घासायचं म्हणजे ती झिजंल म्हणून भीती वाटत्या, पाठीला टेप लावू का? कोल्हापुरात हातानं वस्तऱ्याला धार लावणारं कोण जुनं माणूस असंल तर सांगा, आज्जाची एवढीच वस्तू राहिलीय.