शब्दचर्चा : ‘प्रिव्हिलेज’ला मराठीत काय म्हणाल?

खानापूरकर : मुलीनं कॉलेजच्या अंकासाठी व्हिडिओ गेममधल्या बाई-पुरुष भेदावर लेख लिहिलाय. ‘प्रिव्हिलेज’ला, म्हणजे पुरुषाला न मागता, नकळत मिळणाऱ्या फायद्याला, तिनं ‘विशेषाधिकार’ घातलंय. मला खटकतंय. दुसरं काही सुचतं का?

टिळकवाडीकर : खटकणारच. विशेषाधिकार म्हटलं की मला बेळगावातलं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाचं विधानभवन दिसतं. हिवाळी अधिवेशनात आमदार तावातावानं ‘हक्कच्युती’ मांडतात, महाराष्ट्रात त्यालाच ‘हक्कभंग’ म्हणतात. हा हक्क लिहिलेला असतो आणि ज्याचा त्याला तोंडपाठ असतो. गेममधल्या पोराला जे मिळतं ते त्याला दिसतही नाही. ‘सवलत’सुद्धा नको. २०२३ पासून इथं कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण त्याचं शून्याचं तिकीट फाडतात आणि ते बघून गडी कुरकुरतात. पुरुषाच्या सवलतीचं तिकीट कुणी फाडलंय?

निपाणीकर : ‘वतन’ म्हणा की. जन्मानं मिळतं.

टिळकवाडीकर : वतनाला सनद असते, साहेब. वतनदार ती पेटीत जपून ठेवतो.

शहापूरची : घरातलंच सांगते. भाचा-भाची दोघंही बीजीएमआय खेळतात, मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम. भाचा मुलीचं कॅरेक्टर घेतो, कपडे भारी असतात म्हणे. भाची मुलाचं नाव लावते आणि माइक बंद ठेवते. परवा तिच्या स्क्वॉडमधला, म्हणजे टोळीतला, एकजण मागनं गोळी खाणार, एवढ्यात तिनं माइक लावला. बोलली एवढंच, ‘दगडामागं बघ, दगडामागं!’ क्षणभर सगळे चिडीचूप. मग एकजण, ‘अरे, पोरगी हाय की!’ शत्रू राहिला बाजूला. एक गाव विचारतोय, दुसरा भांडी घासायला जा म्हणतोय, तिसरा न मागता तिच्यापुढं औषधं टाकतोय. तिनं माइक बंद केला. मला म्हणाली, ‘मावशी, मला कच्चा लिंबू केलं.’

शब्द इथंच कुठंतरी आहे असं मला वाटतं. लगोरीत कच्चा लिंबू आऊट होत नाही, पण ते खेळाआधी ओरडून सांगतात. भाचा चुकला तर तो एकटा चुकतो. भाची चुकली की ‘पोरींना जमत नाही’. म्हणजे खरा कच्चा लिंबू भाचाच, फक्त कुणी पुकारलेलं नाही. ‘न पुकारलेला कच्चा लिंबू’. लांबलचक आहे, कबूल.

टिळकवाडीकर : लांब असू दे. जॉन स्काल्झी या अमेरिकन लेखकानं २०१२ मध्ये हेच केलं होतं. ‘प्रिव्हिलेज’ म्हटलं की गोरे पुरुष बिथरतात, म्हणून त्यानं तो शब्दच टाळला आणि त्यांच्या जन्माला गेममधली सगळ्यात सोपी लेव्हल म्हटलं. सोप्या लेव्हललाही माणूस हरतोच, पण खेळ त्याच्यावर कमी उलटतो. इंग्रजीवाल्यांचंही या शब्दाशी अडतं म्हणायचं.

निपाणीकर : आणि ‘एम्पथी’? सहानुभूती लिहू नका. तिची लाट येते, तीही निवडणुकीत. अनुकंपेवर नोकरी लागते. ‘समानुभूती’ बरा, जरा पुस्तकी आहे.

शहापूरची : आपल्याकडं ‘जावे त्याच्या वंशा’ आहेच की. पण कॅरेक्टर बदललं म्हणजे वंशाला गेलो असं नव्हे. भाचा रोज मुलीच्या वेशात पळतो, त्याला काय कळलं? माइकवर आवाज त्याचाच.

खानापूरकर : लेखात एक उदाहरण आहे. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये पॉलीन वर अडकलेली आणि मारिओ शिड्या चढतोय. गेम बनवणाऱ्या एका अमेरिकन बापाला त्याच्या चिमुरडीनं विचारलं, मी पॉलीन होऊन मारिओला सोडवू का? २०१३ मध्ये त्यानं जुना गेम उसवून तसा करून दिला. याला समानुभूती म्हणायला माझी हरकत नाही. त्यानं वेश कुठं बदलला, पोरीचं ऐकलं.

‘न पुकारलेला कच्चा लिंबू’ मुलीला वाचून दाखवला. हसली, घालते म्हणाली. ‘सेक्सिझम’ला मात्र ‘लिंगभेद’च ठेवणार, त्यावर वाद नको म्हणे.

निपाणीकर : वाद नाही, शंका आहे. आमच्या गल्लीत कच्चा लिंबू नव्हता, ‘दूधभात’ होता. निपाणीत अंक वाचणार असतील तर काय छापणार?

खानापूरकर : आता हे तिला तुम्हीच सांगा.