"लपवायचं नसेल तर भीती कशाची?" असं लिहिणाऱ्यांसाठी

सिंहगडरोडकर
परवा इथे एकाने लिहिलं, "मॉलच्या दारात पिशवी तपासली तर एवढं काय बिघडलं? लपवायचं नसेल तर भीती कशाची?" दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

रविवारी आईला घेऊन किराणा भरायला गेलो होतो. बिल केलं, पैसे दिले, आणि बाहेर पडताना दारातलं यंत्र वाजलं. सुरक्षारक्षकाने आईची पर्स घेतली आणि टेबलावर पालथी केली. चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, बडीशेपेची पुडी, बाबांचा छोटा फोटो. मागे पंधरा-वीस माणसं ट्रॉल्या घेऊन बघत उभी. वाजत होतं ते दाढीच्या ब्लेडचं पाकीट, तेही सामानाच्या पिशवीत! बिलात होतं, फक्त टॅग काढायचा राहिला होता. "सॉरी मॅडम", संपलं.

आईने ३१ वर्षं बँकेत रोख मोजली, कधी एका रुपयाचा फरक आला नाही. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

जुना_कॅशियर
मी चार वर्षं काउंटरवर होतो. टॅगचा तो स्टिकर काउंटरच्या पॅडवर फिरवून नीट बंद केला नाही की दारात वाजतो, रविवारच्या गर्दीत हमखास राहून जातो. चूक काउंटरची, आणि शिव्या बारा तास उभ्या असलेल्या गार्डला. त्याने सोडलं आणि माल कमी भरला तर पैसे त्याच्याच पगारातून कापतात. आमचेही कापले आहेत.

पेठकर
म्हणून मी लक्ष्मी रोड सोडत नाही. तीस वर्षं तीच दुकानं, मालक नावाने ओळखतो. झडती घ्यायची कुणाची हिंमत आहे?

वाकडवासी
नावाने ओळखतात ते तुम्हाला. आम्ही दुसरी साडी उलगडायला सांगितली तर बायकोला तोंडावर विचारलं, "घ्यायची आहे ना नक्की?" तो अपमान नव्हे? वर दुपारी १ ते ४ शटर खाली. आणि गाडी कुठे लावायची? पी-१, पी-२ची (एका तारखेला रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या तारखेला दुसरी) तारीख चुकली की टोइंगवाले हजर. दोनदा दंड भरलाय.

पेठकर
गाडी आणताच कशाला? मंडईला मेट्रो येते की आता. गाड्या घेऊन तुम्ही यायचं आणि कोंडी आम्ही सोसायची!

वाकडवासी
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना घेऊन मेट्रोचे जिने चढून दाखवा, मग बोला.

पेठकर
लिफ्ट आहे. आधी स्टेशन बघून या.

कोर्टाची_पायरी
पार्किंगचा वेगळा धागा काढा हो! खासगी रक्षकाला पोलिसांचे अधिकार नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणूस एखाद्याला पकडू शकतो, पण दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा त्याच्यासमोर घडला तर. आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. अटक झालेल्या बाईची झडतीसुद्धा बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची असते. यंत्र वाजलं म्हणजे चोरी झाली असं होत नाही. बिल जपून ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

कोथरूड_दुकानदार
ते "भीती कशाची" वाक्य माझं. कलमं सांगणं सोपं आहे. माझ्या भावाच्या दुकानातून दिवाळीत अत्तराच्या सात बाटल्या गेल्या. नेणाऱ्या बाई चांगल्या घरच्या, ओळखीच्या. तेव्हापासून आम्ही कुणाच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवत नाही.

सिंहगडरोडकर
म्हणजे माझ्या आईच्या चेहऱ्यावरही नाही? सरळ बोला.

कोथरूड_दुकानदार
शब्द माझ्या तोंडात घालू नका. पर्स पालथी करायला नको होती, बाजूला नेऊन विचारायला हवं होतं. एवढं मान्य. तपासणी हवीच, यावर मी ठाम आहे.

सिंहगडरोडकर
बाजूला नेऊन विचारलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. @जुना_कॅशियर, तुमचं पटलं. त्या गार्डला मी तिथे बरंच बोललो, आईनेच माझा हात धरून थांबवलं. उद्या बिल घेऊन मॅनेजरला भेटतोय. आई यायला तयार नाही. बाबांचा फोटो तिने पर्समधून काढून कपाटात ठेवलाय.