काकांच्या पेटीत जॅक प्लांटचं जुनं हॉकी कार्ड मिळालंय, ठेवू का विकू?

रंकाळा_कट्टा:
मंडळी, आमचे थोरले काका १९७० च्या सुमारास टोरोंटोला नोकरीला होते, त्यांच्या पेटीत हे मिळालं. आईस हॉकीचं कार्ड आहे, आपल्या हॉकी स्टेडियमवर खेळतात ती हॉकी नव्हे. समोर टोरोंटो मेपल लीफ्सच्या ड्रेसमधला गोलकीपर जॅक प्लांट, मागं इंग्रजी-फ्रेंच दोन्हीत माहिती आणि ओ-पी-ची असं कंपनीचं नाव. एक कोपरा मुडपलाय, मागं मेणासारखा डाग आहे. हा प्लेअर केवढा मोठा होता? आणि पावसाळ्याच्या आत लॅमिनेट करून घेऊ का?

पेठेतला_गोली:
भावा लॅमिनेट अजिबात करू नकोस, गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड संपलं. डाग पुसायला पण जाऊ नको, ही कार्डं च्युइंगमसोबत मेणकागदाच्या पाकिटात यायची, तो डाग बहुतेक त्याचाच असणार.

आता प्लांट. लय मोठा माणूस रे! मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं १९५६ ते १९६० सलग पाच स्टॅनली कप (तिथल्या आईस हॉकीची सगळ्यात मोठी ट्रॉफी) मारले तेव्हा गोलात हाच होता. त्या काळात गोली उघड्या तोंडानं उभे राहायचे, विचार कर, कडक रबराची चकती आणि तोंडावर काहीच नाही. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये समोरच्या टीमच्या अँडी बाथगेटचा शॉट थेट तोंडावर बसला, आत जाऊन टाके घातले आणि हा म्हणाला मास्क घातल्याशिवाय परत उतरणार नाही. प्रॅक्टिसमध्ये तो फायबरग्लासचा मास्क वापरायचाच, पण कोच टो ब्लेकला ते मॅचमध्ये पटत नव्हतं, मास्क घातला की गोलीला नीट दिसत नाही आणि तो घाबरला असं लोक म्हणणार. पण तेव्हा टीमजवळ दुसरा गोली तयार बसलेला नसायचा, त्यामुळं ब्लेकला ऐकावंच लागलं. मॅच ३-१ जिंकली. मी स्वतः गोलात उभा राहतो म्हणून सांगतो, टाके घातलेल्या तोंडानं परत उतरायचं आणि वर कोचशी भांडायचं, याला छाती लागते.

शिवाय गोल सोडून मागं जाऊन पक (तीच रबराची चकती) अडवायचा आणि आपल्या डिफेन्डरला द्यायचा, हे त्यानंच रुळवलं.

जुनी_कार्डं:
वरच्यात एक भर, मॅचमध्ये मास्क घालणारा पहिला प्लांट नाही, क्लिंट बेनेडिक्ट नावाच्या गोलीनं १९३० मध्ये थोडे दिवस चामड्याचा घातला होता. प्लांटनं तो कायमचा केला.

किमतीचं म्हणशील तर त्याचं महागडं कार्ड म्हणजे १९५५-५६ चं पार्कहर्स्ट कंपनीचं, रुकी कार्ड, म्हणजे प्लेअरचं पहिलंवहिलं कार्ड. तुझं टोरोंटोचं म्हणजे करिअरच्या शेवटाकडचं, त्यात कोपरा मुडपलेला, त्यामुळं मोठ्या रकमेची आशा धरू नको. पण मला विचारशील तर हाच प्लांट जास्त भारी. १९६५ ला रिटायर झालेला माणूस १९६८ ला सेंट लुईसच्या टीमकडून परत आला, तिथल्या दुसऱ्या गोली ग्लेन हॉलबरोबर मिळून सातवी वेझिना ट्रॉफी (गोलींना मिळणारं बक्षीस) घेतली, मग टोरोंटोत १९७०-७१ च्या सीझनला वयाच्या ४२ व्या वर्षी मॅचमागं सरासरी १.८८ गोल खाल्ले, लीगमध्ये सगळ्यात कमी! मी असतो तर विकलं नसतं.

रंकाळा_कट्टा:
भारीच की. काका त्याच काळात तिथं होते म्हणजे त्यांनी त्याला खेळताना बघितलं पण असेल. ठेवतोय मग. पण ठेवू कशात?

जुनी_कार्डं:
पातळ स्लीव्हमध्ये घाल, त्यावर टॉपलोडर म्हणजे कार्डाचं कडक प्लास्टिकचं कव्हर, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात भिंतीतलं कपाट नको, ओल धरते. आणि मागची बाजू उजेडात धरून फोटो टाक इथं, साल सांगतो.