मदत हवी आहे: वॉर्निश मारल्यावर मिनिएचर्स पांढरी पडली, शनिवारी गेम आहे

काळोखातला_कंदील
मंडळी जरा पटकन सांगा. मॅन्शन्स ऑफ मॅडनेस हा बोर्ड गेम, दुसरी आवृत्ती, त्यातले सगळे राक्षस रंगवून झाले होते, कल्टिस्ट, डीप वन, हंटिंग हॉरर, तो अवाढव्य स्टार स्पॉन, सगळे. काल रात्री वरून मॅट (बिनचमकीचं) वॉर्निश मारलं आणि सकाळी बघतो तर सगळ्यांवर पांढरट थर. डीप वनच्या पाठीवरच्या खवल्यांच्या खाचांत गडद वॉश (सावलीसाठीचा पातळ रंग) इतका सुंदर बसला होता, आता पिठात लोळवल्यासारखा दिसतोय. शनिवारी ग्रुप येतोय खेळायला. हे घालवायचं कसं? कृपया पुन्हा रंगवा म्हणू नका, महिने गेलेत त्यात.

रंगाचा_डबा
मॅट म्हणजे नक्की काय मारलंत? ब्रशने की स्प्रे? खाली प्रायमर कुठला, रंग कुठले? एखादा फोटो टाका ना.

काळोखातला_कंदील
स्प्रे. रंग वॅलेहो आणि सिटाडेलचे. प्रायमरचा इथे काय संबंध, तो कधीच झालाय आणि नीट आहे.

औंधकर
संबंध आहे. मी स्प्रे कधीच वापरत नाही, ना प्रायमरला ना वॉर्निशला. वॅलेहोचा सरफेस प्रायमर ब्रशने दोन पातळ हातांत लावायचा, रात्रभर ठेवायचा, विषय संपला. बोर्ड गेमची मिनिएचर्स बहुतेक मऊ पीव्हीसीची असतात, त्यावर काही स्प्रे प्रायमर सुकतच नाहीत, आठवड्यांनीही बोटाला चिकटतात.

रंगाचा_डबा
औंधकर, चिकटतंय असं ते म्हणालेलेच नाहीत. पांढरं पडलंय.
कंदील, राहता कुठे आणि फवारलं कुठे ते सांगा आधी.

काळोखातला_कंदील
ठाणे. बाल्कनीत फवारलं, घरात वास नको म्हणून.

रंगाचा_डबा
म्हणजे जुलैत, पाऊस चालू असताना, रात्री, बाल्कनीत. हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते, ती ओल्या वॉर्निशमध्ये अडकली की पांढरट दिसतं. फ्रॉस्टिंग म्हणतात त्याला. हवेत आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर डबा हातातच घेऊ नये, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती रात्री नव्वदीला असते.

लीड्सचा_पाहुणा
इकडेही हवा दमटच, पण वर्षभर स्प्रे मारतो. डबा कोमट पाण्यात (उकळत्या नाही!) थोडा वेळ धरायचा, मग दोन मिनिटं मनापासून हलवायचा. मॅटमध्ये चमक घालवणारी जी पावडर असते ती तळाशी बसते, नीट हलवलं नाही तर तीच अंगावर येते. सगळं खापर पावसावर फोडू नका.

रंगाचा_डबा
मान्य, दोन्ही शक्य आहे. पण ठाण्याची दमट आणि लीड्सची दमट यात फरक आहे हो.

पेणचा_पोऱ्या
मला या गेमचं काही माहीत नाही पण रंगकामावर बोलतो, आमच्याकडे गणपतीचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करा. बारीक टोकाचा ब्रश, केसांचा आकार लहान नको, टोक हवं, रंग पोटात भरपूर धरला पाहिजे म्हणजे मध्येच सुकत नाही. आधी दोन्ही डोळ्यांची काळी रेघ, मग आत पांढरा, मग बुबुळ. हात टेबलाला टेकवून आणि श्वास सोडून मगच ब्रश टेकवायचा. भुताचा चेहरा असला तरी नजर एका जागी लागली तरच ते बघणाऱ्याकडे बघतंय असं वाटतं.

काळोखातला_कंदील
पोऱ्या, हे खरंच छान सांगितलंत, तपासनीसांच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या) आठ मिनिएचर्सचे डोळे राहिलेत, तिथे करून बघेन. पण आधी पांढरं घालवा!!

सोपा_उपाय
हार्डवेअरवाल्याकडून थिनर आणा, कापसाने पुसा, वरचा थर निघेल.

रंगाचा_डबा
अजिबात नको. वॉर्निशबरोबर खालचा रंग जाईल आणि थिनरने पीव्हीसी मऊ पडून चिकट होतं. ॲसिटोनचंही तेच.

सोपा_उपाय
मी मेटलच्या मिनिएचर्सवर केलंय, काही झालं नाही.

औंधकर
मेटल आणि प्लास्टिक एक कसं होईल?

रंगाचा_डबा
कंदील, दोन गोष्टी करा आणि इथे सांगा. एक, बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागतंय की खरखरीत. दोन, एका कल्टिस्टच्या झग्याच्या मागच्या बाजूला ओला ब्रश लावा. ओलं असताना मूळ रंग परत दिसला तर खालचं काम शाबूत आहे. मग ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या, तो त्या बारीक फटी भरतो आणि रंग वर येतो. पूर्ण सुकू द्या, घाई असली तरी रात्रभर. त्यानंतर मॅट हवं असेल तर तेही ब्रशनेच, पंखा चालू असलेल्या खोलीत. स्प्रेचा डबा दिवाळीपर्यंत कपाटात.
आणि बेसच्या खाचेत वॉर्निश जाऊ देऊ नका, राक्षसाचं टोकन तिथेच सरकवायचं असतं.

नवशिका_नाशिक
मध्येच विचारतो, हे सगळं फेव्हिक्रिलच्या ॲक्रिलिकने होईल का? वॅलेहोची बाटली फार महाग पडते हो.

औंधकर
बेस, दगड, लाकूड याला चालेल. चेहऱ्याला नको, पातळ केला की रंग फाटतो आणि झाकत नाही. रंग ओला ठेवणाऱ्या वेट पॅलेटला मात्र पैसे घालू नका, डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर, झालं.

काळोखातला_कंदील
केलं. डीप वन आणि स्टार स्पॉन गुळगुळीत लागतायत, ओलं केल्यावर रंग दिसला, डीप वनला ग्लॉसचा हात दिला आणि खवल्यांतला तो गडद वॉश जसाच्या तसा परत आला!! खूप खूप आभार डबा. तो तसाच चकचकीत ठेवतोय, पाण्यातून वर आलेला प्राणी ओलाच शोभतो. पण कल्टिस्ट खरखरीत लागतायत, वाळू असल्यासारखे, ग्लॉस देऊनही करडेच.

रंगाचा_डबा
ते लांबून फवारल्यामुळे. थेंब हवेतच सुकले आणि भुकटी होऊन बसले. त्याला ग्लॉस पुरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, खिडकी उघडी, गॅस बंद, आणि आधी एकाच कल्टिस्टवर. रंग पूर्ण निघेल, पण साधे झगे आहेत, एका संध्याकाळी होतात. शनिवारी तसेच करडे खेळवा, पुढच्या आठवड्यात काढा.

लीड्सचा_पाहुणा
आणि पुढच्या वेळी डबा २० ते ३० सेंटिमीटरवर धरा, सुरुवात मिनिएचरच्या बाहेरून करून बाहेरच संपवा.

नवशिका_नाशिक
आयसोप्रोपिल मेडिकलमध्ये मिळतं का, की ऑनलाइनच?

रंगाचा_डबा
ऑनलाइन ९९ टक्क्यांचं मिळतं, तेच घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं.